झेरॉक्सच्या दुकानातून आणल्यावर पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झाले. पासवर्डही चोरीला गेले असतील का?

हो, जाऊ शकतात. ते शॉर्टकट घरच्या कॉम्प्युटरवर उघडले असतील, तर आधी इंटरनेट बंद करा.

माझ्या भाचीचं हेच झालं. सीताबर्डीत प्रिंट काढून आली, तर ‘प्रोजेक्ट’ फोल्डर जागेवरच, फक्त चिन्हाच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण. हे काम वर्मचं, म्हणजे स्वतःच्या प्रती काढत पसरणाऱ्या व्हायरससारख्या प्रोग्रामचं. तो खरं फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे करतो. क्लिक केलं की फोल्डरही उघडतं, म्हणून शंकाच येत नाही. पण तेवढ्यात वर्म कॉम्प्युटरमध्ये शिरलेला असतो. मग जो पेनड्राइव्ह लागेल त्यात तो जातो. पूर्वी तर क्लिकही लागत नसे. २००८ मध्ये आलेल्या कॉनफिकर नावाच्या वर्मचे काही प्रकार ऑटोरनचा, म्हणजे पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीचा, फायदा घेऊनही पसरले. पुढे मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हसाठी ती सोय बंद केली.

प्रत्येक वर्म पासवर्ड चोरत नाही. चोरणारा मात्र ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उचलतो, तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ नोंदवतो आणि नेट मिळालं की बाहेर पाठवतो. म्हणून कृपा करून त्याच कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदलू नका, नवाही जाईल! मोबाइलवरून बदला; आधी ईमेलचा, मग बँकेचा.

पेनड्राइव्ह घाईने फॉरमॅट करू नका. फाइली बहुतेक आतच लपलेल्या असतात. अँटिव्हायरसने तपासून घ्या, लपलेल्या फाइली दाखवण्याची सेटिंग चालू करा आणि कॉपी करून घ्या. पुढच्या वेळी प्रिंटची पीडीएफ ईमेलनेच पाठवा.