वाचक विचारतात : अंगात येणारी देवी आणि बंद न होणारा कॅमेरा

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या फिल्म क्लबात ‘द मीडियम’ हा थायलंडचा भयपट दाखवायचं चाललंय. सगळा माहितीपटासारखा आहे, काही मुलं तर तो खरा समजतात. मला पहिला तास संथ वाटला, शेवटी नुसता गोंधळ. दाखवावा का?
– एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : खरा नाही. २०२१ सालचा हा कथापट आहे, पडद्यावरचे सगळे नट आहेत. दिग्दर्शक थायलंडचे बांजोंग पिसंथानाकून, निर्माते दक्षिण कोरियाचे ना हाँग-जिन. तरीही तो खरा वाटतो, आणि त्याचं श्रेय मी तुम्हाला संथ वाटलेल्या त्याच पहिल्या तासाला देईन.

थायलंडच्या ईसान भागातल्या निम या बाईच्या अंगात बायान देवी येते आणि चित्रीकरणवाले तिच्या मागे फिरतात. खरं तर देवीनं आधी तिची बहीण नोई निवडलेली. नोईनं नकार दिला, ख्रिस्ती झाली, आणि वारसा निमकडे आला. मी येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीची यात्रा पाहत वाढले. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी घेतलेल्या आराधिणी माझ्या ओळखीच्या. संबळ वाजला की घुमणारी बाई दुसऱ्या दिवशी रानात खुरपत असते. निम तशीच आहे, साधी, कामातली. एरवी भयपटात अंगात येणाऱ्या बाईचे केस मोकळे आणि डोळे वटारलेले. इथं तिला आधी माणूस म्हणून भेटू दिलंय. मग नोईची मुलगी मिंक विचित्र वागू लागते. मोठी पोरगी लहान मुलांच्या खेळात घुसते, त्यांना ढकलते. देवी आली म्हणावं की पोरीची तब्येत बिघडली, हे आपल्यालाही ठरवता येत नाही. माझ्या मते ही भीती शेवटच्या सगळ्या रक्तपातापेक्षा मोठी आहे.

उत्तरार्धावरची तुमची तक्रार मात्र रास्त. घराण्याची जुनी पापं, जळालेला कारखाना, मिंकचा मेलेला भाऊ, कुत्र्यांचे आत्मे, एकावर एक कारणं रचत नेली आहेत. त्यामुळे कशाचीच धास्ती टिकत नाही. रात्री घरात कॅमेरे लावून ठेवण्याची युक्ती २००७ च्या ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’नं आधीच वापरलेली. आणि समोर माणसं मरताना हा कॅमेरावाला पळत का नाही? माहितीपटाचा बाज घेतला की या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं. ते इथं मिळत नाही.

मला सगळ्यात खटकतं ते मिंकचं चित्रण. पोरगी खचत चाललीये, तिचे अगदी खासगी क्षणही टिपले जातायत. चित्रपटाला त्या चित्रीकरणवाल्यांची हाव दाखवायची असेल, पण दाखवता दाखवता तोही तेच करू लागतो.

शेवटची निमची मुलाखत कुणालाही चुकवू देऊ नका. आयुष्यभर देवीचं काम केलेली बाई तिथं रडत सांगते, आपल्यात बायान होती की नाही याची आपल्याला कधीच खात्री नव्हती. इतकी हिंमत मी फार थोड्या भयपटांत पाहिली आहे.

तेव्हा दाखवा जरूर. दोन तासांहून मोठा आहे, वेळ हाताशी ठेवा. कुत्र्यांचे हाल आहेत, ज्यांना सोसत नाही त्यांना आधी सांगा. आणि नंतर चर्चेला ज्या मुलींच्या घरी आई-आजीच्या अंगात येतं, त्यांना पहिल्यांदा बोलू द्या.