मराठीत 'जास्त जड' चालते, मग इंग्रजीत 'मोअर हेवियर' का चालत नाही?

आपण विचारले आहे की, आठवीत शिकणाऱ्या आपल्या मुलीने 'माझे दप्तर तिच्या दप्तरापेक्षा जास्त जड आहे' या वाक्याचे भाषांतर 'माय बॅग इज मोअर हेवियर दॅन हर बॅग' असे केले आणि तिचा गुण कापला गेला. मराठीत 'जास्त जड' बरोबर असताना इंग्रजीत 'मोअर हेवियर' चूक का ठरते, कोणत्या शब्दाला 'ईआर' लावायचा आणि कोणत्या शब्दाआधी 'मोअर' घ्यायचे, आणि 'डिग्री बदला', म्हणजे तुलनेची पातळी बदलून तेच वाक्य पुन्हा लिहा, या प्रश्नात मुले नेमकी कुठे अडखळतात, असे आपले तीन प्रश्न आहेत. मी कोल्हापुरात मराठी माध्यमाच्या मुलांना बावीस वर्षे इंग्रजी शिकवत आहे आणि दर वर्षी हीच चूक वह्यांतून तपासत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या मुलीची चूक निष्काळजीपणाची नाही. तिने मराठीत विचार केला. आणि तुलनेची खूण मराठी वाक्यात ज्या जागी असते, त्या जागी ती इंग्रजी वाक्यात नसते, एवढेच तिला कोणी समजावून सांगितलेले नव्हते.

'रंकाळा मोठा आहे' आणि 'रंकाळा कोटितीर्थापेक्षा मोठा आहे' ही कोल्हापुरातल्या दोन तळ्यांविषयीची वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. दोन्हींत 'मोठा' हा शब्द जसाच्या तसा आहे. 'सर्वांत मोठा' म्हटले तरी त्याला धक्का लागत नाही. तुलनेचा सगळा भार 'पेक्षा' उचलतो, आणि तो विशेषणाला न चिकटता ज्याच्याशी तुलना करायची त्या नामाला चिकटतो. इंग्रजीत नेमके उलट आहे. तिथे 'दॅन' असतोच, पण तो एकटा पुरत नाही. खूण विशेषणावर उमटावीच लागते, म्हणून 'बिग' चे 'बिगर' होते आणि 'बिगेस्ट' होते. यातली आणखी एक गोष्ट मी मुलांना आवर्जून दाखवतो. मराठीत 'आ' ने संपणारे विशेषण लिंग आणि वचन यांप्रमाणे बदलते, मोठा, मोठी, मोठे, मोठ्या असे होते, पण तुलनेमुळे बदलत नाही. इंग्रजी विशेषण लिंग-वचनाने कधीच बदलत नाही, ते फक्त तुलनेमुळे बदलते.

हे एकदा लक्षात आले की दोन वेगळ्या वाटणाऱ्या चुकांचे मूळ एकच असल्याचे दिसते. काही मुले 'रंकाळा इज बिग दॅन कोटितीर्थ' असे लिहितात, कारण 'पेक्षा' च्या जागी 'दॅन' आला म्हणजे काम झाले असे त्यांना वाटते. काही मुले 'मोअर बिगर' लिहितात, कारण मराठीत 'जास्त' हा शब्द ऐच्छिक आहे. तो घातला काय, गाळला काय, वाक्य बिघडत नाही. इंग्रजीत 'मोअर' ऐच्छिक नाही. 'मोअर' आणि 'ईआर' ही एकाच कामाची दोन साधने आहेत आणि एका विशेषणाला त्यांपैकी एकच, तेही एकदाच, लावायचे असते. 'हेवियर' या शब्दातच 'जास्त जड' हा अर्थ भरलेला आहे.

विशेषणाच्या अंगावर तुलनेची खूण उमटणे हे आपल्याला परके आहे, असे मात्र समजू नये. संस्कृतात 'तर' आणि 'तम' हे प्रत्यय नेमके हेच काम करतात. गणितात मुले लसावि आणि मसावि काढतात, म्हणजे लघुतम साधारण विभाज्य आणि महत्तम साधारण विभाजक. त्यांतले 'लघुतम' म्हणजे सर्वांत लहान आणि 'महत्तम' म्हणजे सर्वांत मोठा. 'तारतम्य' हा आपला रोजचा शब्द तर या दोन प्रत्ययांपासूनच बनला आहे. अधिक काय आणि सर्वाधिक काय हे ओळखण्याची बुद्धी म्हणजे तारतम्य. संस्कृतातला दुसरा प्रत्यय 'इष्ठ' हा ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ या शब्दांत आहे, आणि भाषांच्या इतिहासात तो इंग्रजीतल्या 'ईएसटी' चा सख्खा नातलग आहे. संस्कृत 'स्वादु' आणि इंग्रजी 'स्वीट' हे एकाच मुळातून आलेले शब्द, म्हणून 'स्वादिष्ठ' आणि 'स्वीटेस्ट' ही जवळजवळ जुळी रूपे आहेत. मी हे फळ्यावर लिहितो तेव्हा मागच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करतात, आणि त्या क्षणापासून 'ईएसटी' त्यांना पाठ करायची गोष्ट वाटत नाही.

मराठीत आल्यावर मात्र या शब्दांची धार गेली. 'स्वादिष्ट' म्हणजे आता फक्त चवदार. 'श्रेष्ठ' मध्ये सर्वांत वरचा हा अर्थ मुळातच असताना आपण 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो, 'सर्वांत श्रेष्ठ' म्हणतो, आणि त्यात कोणाला दोष दिसत नाही. म्हणजे खुणेवर खूण चढवण्याची सवय आपल्या भाषेने आपल्याला दिलेली आहे. इंग्रजांनाही ती होती. शेक्सपिअरच्या नाटकांत 'मोस्ट' आणि 'ईएसटी' एकाच विशेषणाला लागलेले सापडतात. पुढे अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी अशी दुहेरी रूपे त्याज्य ठरवली आणि आजच्या प्रमाण इंग्रजीत ती चूकच मानली जातात. मुलीला गुण मिळवायचे आहेत, म्हणून तिने आजचा नियम पाळावा. पण आपण काही विचित्र केले असे तिला वाटू देऊ नये.

आता 'ईआर' की 'मोअर', हा आपला दुसरा प्रश्न. याचे उत्तर शब्दाच्या लांबीत आहे, आणि लांबी म्हणजे अक्षरे मोजणे नव्हे, उच्चारताना किती ठोके पडतात ते मोजणे. पुस्तकात याला सिलॅबल म्हणतात. एका ठोक्याचा शब्द असेल तर 'ईआर' आणि 'ईएसटी': टॉलर, कोल्डर, चीपर. तीन किंवा अधिक ठोके असतील तर 'मोअर' आणि 'मोस्ट': मोअर ब्यूटिफुल, मोअर डिफिकल्ट, मोअर इंटेलिजंट. खरी अडचण दोन ठोक्यांच्या शब्दांची आहे. त्यांतले शेवटी 'वाय' असणारे शब्द, म्हणजे हेवी, हॅपी, इझी, बिझी, हे 'ईआर' घेतात आणि लिहिताना 'वाय' चा 'आय' होतो. आपल्या मुलीचा 'हेवियर' याच गटातला. केअरफुल, फेमस, मॉडर्न, युसलेस यांना 'मोअर' लागते. नॅरो, सिंपल, क्लेव्हर, क्वायट अशा काही शब्दांची दोन्ही रूपे चालतात, आणि तिथे मुलाने एक लिहिले नि शिक्षकाच्या उत्तरपत्रिकेत दुसरे असले, तर गुण कापू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

या वाटणीमागे इतिहासही आहे. 'ईआर' आणि 'ईएसटी' हे इंग्रजीचे जुने, घरचे प्रत्यय. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढच्या काही शतकांत फ्रेंच व लॅटिनमधून मोठ्या संख्येने लांब शब्द इंग्रजीत आले. त्यांच्या शेपटाला आणखी एक ठोका जोडणे जिभेला जड जात असल्याने 'मोअर' ची पद्धत त्यांच्या बाबतीत रुळली. काही शिक्षक यावरून 'फ्रेंच शब्दाला मोअर' असा नियम सांगतात, तो मला पटत नाही. कारण लार्ज, इझी, सिंपल हे शब्दही फ्रेंचमधूनच आले आणि तरी ते 'ईआर' घेतात. शब्दाचे कूळ पाहू नये, ठोके मोजावेत. टायर्ड आणि बोअर्ड हे मात्र छोटे असूनही 'मोअर' घेतात, कारण ती मुळात क्रियापदाची रूपे आहेत.

गुड, बेटर, बेस्ट आणि बॅड, वर्स, वर्स्ट ही रूपे पाठच करावी लागतात. आपण 'जातो' म्हणतो आणि भूतकाळात 'गेला' म्हणतो, तिथे जशी दोन वेगळी मुळे एका क्रियापदात येऊन बसली आहेत, तसेच 'गुड' आणि 'बेटर' यांचे झाले आहे.

कोल्हापूरच्या मुलांची एक चूक खास आमच्याकडची म्हणावी लागेल. आमच्या बोलीत 'लई' हा शब्द सगळीकडे चालतो: 'लई उंच' आणि 'त्याच्यापेक्षा लई उंच'. पहिल्याचे 'व्हेरी टॉल' होते, म्हणून मुले दुसऱ्याचे 'व्हेरी टॉलर' करतात. प्रमाण मराठीतल्या 'खूप' मुळेही हेच होते. इंग्रजीत साध्या विशेषणाआधी 'व्हेरी' आणि तुलनेच्या रूपाआधी 'मच' किंवा 'फार' लागते. हे मी पुराच्या उदाहरणाने शिकवतो, कारण ते इथे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. तेव्हा पाणी 'व्हेरी हाय' होते, आणि धोका पातळीपेक्षा 'मच हायर' होते. मुले पुन्हा ही गल्लत सहसा करत नाहीत.

पुढचा मुद्दा बारीक आहे, पण आपल्या मुलीच्या वाक्यातच तो आलेला आहे. 'माझे दप्तर तिच्यापेक्षा जड आहे' असे आपण सहज बोलतो आणि ऐकणारा 'तिच्या दप्तरापेक्षा' असे समजून घेतो. इंग्रजीत 'हेवियर दॅन हर' लिहिले तर दप्तर त्या मुलीहून जड ठरते. तिथे 'हेवियर दॅन हर्स' असेच हवे. 'कोल्हापूरचा रस्सा पुण्यापेक्षा तिखट' हे वाक्यही तसेच, रश्श्याची तुलना शहराशी करणारे. आमच्याकडे अनेक जण 'पुण्याच्यापेक्षा' म्हणतात, आणि माझ्या मते ते जास्त नेमके आहे, कारण त्या 'च्या' मध्ये पुण्याचा रस्सा शाबूत राहतो. इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वी मुलांनी मनात हा 'च्या' घालून पाहावा. तो बसत असेल तर इंग्रजीत 'हर्स', 'माइन' किंवा 'दॅट ऑफ' यांपैकी काहीतरी लागणार हे निश्चित.

सुपरलेटिव्हमध्ये, म्हणजे 'सर्वांत' चा अर्थ देणाऱ्या 'ईएसटी' किंवा 'मोस्ट' च्या रूपात, मराठी मुलांकडून 'द' सुटतो, कारण आपल्याकडे तसा शब्दच नाही. दुसरी अडचण 'इन' आणि 'ऑफ' यांची. 'वर्गात सर्वांत उंच' आणि 'तिघा भावांत सर्वांत उंच' या दोन्हींत मराठी 'त' वापरते. इंग्रजीत जागा किंवा समूह असेल तर 'इन द क्लास' आणि मोजलेली माणसे असतील तर 'ऑफ द थ्री ब्रदर्स'. दोघांतच तुलना असेल तर सुपरलेटिव्ह न वापरता 'द टॉलर ऑफ द टू' म्हणावे, असा परीक्षेचा आग्रह असतो.

डिग्री बदलण्याच्या प्रश्नात सर्वाधिक गुण 'अदर' या एका शब्दापायी जातात. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, उंची १६४६ मीटर. सुपरलेटिव्हचे वाक्य सोपे आहे: 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्रा.' कंपॅरेटिव्ह, म्हणजे 'ईआर' किंवा 'मोअर' चे रूप, करताना मुले 'हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्रा' लिहितात. पण कळसूबाई स्वतःही महाराष्ट्रातलेच शिखर असल्यामुळे ती स्वतःहून उंच आहे असा अर्थ निघतो. म्हणून 'एनी अदर पीक' हवे. पॉझिटिव्हमध्ये, म्हणजे विशेषणाच्या साध्या रूपातही, 'नो अदर पीक इन महाराष्ट्रा इज ॲज हाय ॲज कळसूबाई' असेच. उलट साल्हेर हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला आहे, उंची १५६७ मीटर. शिखरांच्या यादीत त्याला 'हायेस्ट' म्हणता येणार नाही, किल्ल्यांच्या यादीत म्हणता येईल. सुपरलेटिव्ह लिहिताना कोणाकोणांत, हे आधी ठरवावे लागते ते यासाठी.

'वन ऑफ द' असेल तर पुढचे नाम अनेकवचनी ठेवावे. १८८० मध्ये स्थापन झालेले आमचे राजाराम कॉलेज 'वन ऑफ द ओल्डेस्ट कॉलेजेस' आहे, 'कॉलेज' नव्हे. त्याचे पॉझिटिव्ह 'व्हेरी फ्यू' ने सुरू होते आणि कंपॅरेटिव्हमध्ये 'मोस्ट अदर कॉलेजेस' येते.

शेवटी 'सीनियर' आणि 'ज्युनियर' यांच्याबद्दल, कारण वरच्या वर्गात हा प्रश्न नक्की येतो. हे शब्द लॅटिनमधून आले आणि लॅटिनमध्ये ते तुलनेचीच रूपे होती, म्हणून त्यांच्यापुढे 'दॅन' न येता 'टू' येतो: 'शी इज सीनियर टू मी.' सुपीरियर आणि इन्फीरियर यांचेही तसेच. आपण 'ती माझ्याहून ज्येष्ठ आहे' म्हणतो तेव्हा संस्कृतातली 'सर्वांत मोठी' ही मूळ खूण विसरून 'ज्येष्ठ' हा साधा शब्द म्हणून वापरतो, तसाच इंग्रजांनी 'सीनियर' वापरला. फरक इतकाच की, त्याच्यासोबत 'टू' तेवढा कायम राहिला.