‘सध्या काय वाचताय?’ : पुस्तक सुचवण्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही वाचकांना विचारले होते, की सध्या तुमच्या हाती कोणते पुस्तक आहे आणि ते तुम्ही कोणाला सुचवाल. आलेल्या पत्रांत पुस्तकांची नावे पुष्कळ होती, पण त्याहून अधिक होते प्रश्न. ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांच्या काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या सोसायटीत दर महिन्याला दहाबारा जण जमतो आणि प्रत्येक जण आपण वाचत असलेल्या पुस्तकाविषयी बोलतो. ‘अप्रतिम आहे, नक्की वाचा’ असे सगळेच म्हणतात, पण पुढच्या महिन्यात चौकशी केली तर कोणीही ते पुस्तक वाचलेले नसते. शिवाय तीच ती गाजलेली नावे पुन्हा पुन्हा येतात. या बैठकीचा खरा उपयोग व्हावा यासाठी काय करावे? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : ‘अप्रतिम आहे, नक्की वाचा’ या वाक्यातून सांगणाऱ्याचे समाधान कळते, पुस्तक मात्र कळत नाही. एका बैठकीत अशी दहा नावे कानांवर पडली की घरी पोहोचेपर्यंत त्यांतले एकही लक्षात राहत नाही आणि त्यात ऐकणाऱ्याचा दोष नसतो. पुस्तक सुचवायचे तर त्यातले काहीतरी ऐकणाऱ्याच्या हातात द्यावे लागते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे उदाहरण घ्या. ‘मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्र’ असे म्हटले की ऐकणारा आदराने मान डोलावतो आणि पुस्तक पुढे कधीतरी वाचण्याच्या यादीत टाकतो. त्याऐवजी असे सांगून पाहा, की जिला लहानपणी शाळेचे शिक्षण मिळाले नाही, जिचे लग्न अकराव्या-बाराव्या वर्षी एका कवीशी झाले, नवऱ्याने १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर जिचा संसार मोडला आणि काही वर्षांनी पुन्हा उभा राहिला, ती बाई हे सारे कोणावरही दात न खाता, मध्येच स्वतःला हसत सांगते आहे. वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकाचे तिने केलेले वर्णन उघडून एक पान मोठ्याने वाचून दाखवा. ते ऐकल्यावर बैठकीतल्या निदान दोघांना पुढचे पान वाचावेसे वाटेल, याबद्दल आम्हाला शंका नाही. म्हणून आमची पहिली सूचना अशी, की प्रत्येकाने नुसते नाव न सांगता पुस्तक सोबत आणावे आणि त्यातले पानभर वाचून दाखवावे. त्यामुळे एका बैठकीत दहाऐवजी चारच पुस्तके होतील, पण ती चार लक्षात राहतील.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती सहसा कोणी करत नाही. पुस्तक कोठे जड जाते, हेही मोकळेपणाने सांगावे. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) अनेक जण मोठ्या उत्साहाने सुचवतात, पण तिचा नायक पांडुरंग सांगवीकर याची ती ‘वगैरे’ने भरलेली बोली सुरुवातीच्या पानांत अनोळखी वाचकाला अडखळायला लावते, हे सांगायचे विसरतात. मग तो वाचक पुस्तक मिटतो आणि वर आपल्यालाच ते कळले नाही अशी खंत बाळगतो. ‘सुरुवातीला कंटाळा आला तरी पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूच्या भागापर्यंत जा, तेथून पुढे पुस्तक हातातून सुटणार नाही’ एवढे आधीच सांगितले असते तर तो टिकून राहिला असता. अडचण आधी सांगणाऱ्याच्या शब्दावर लोक पुढच्या वेळी अधिक विश्वास ठेवतात, असे आम्ही अनेक वाचकांच्या बाबतीत पाहिले आहे.

आता तीच ती नावे येण्याविषयी. त्यात वावगे काही नाही, कारण जुनी उत्तम पुस्तके प्रत्येक पिढीला नव्याने सांगावीच लागतात. तरीही प्रत्येक बैठकीत निदान एक पुस्तक गेल्या काही वर्षांतले असावे, असा नियम करून घ्या. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ या कादंबरीला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठलेल्या गावाची, त्यातल्या माणसांची आणि मागे राहिलेल्या जनावराची ही कथा आहे. नवी मुंबई ज्या ९५ गावांच्या जमिनींवर वसली, त्या गावांतील कुटुंबे आजही आपल्या आसपास राहतात. ठाण्या-बेलापूरच्या वाचकांनी ही कादंबरी मुद्दाम वाचावी असे आम्ही म्हणतो ते पुरस्कारामुळे नव्हे. विस्थापन हा येथल्या मातीतला विषय आहे, म्हणून. किरण गुरव यांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ हा कथासंग्रहही (साहित्य अकादमी पुरस्कार, २०२१) बैठकीसाठी सोयीचा आहे, कारण कथा सुटी असल्याने सगळ्यांनी एकच कथा वाचून येणे शक्य होते.

प्रश्न : मी खारघरहून रोज लोकलने मुंबईला जातो. एका वेळी तासाभराहून अधिक प्रवास होतो, पण वाशीपर्यंत बसायला मिळेलच असे नाही. मोबाइलऐवजी पुस्तक वाचावे असे मनापासून वाटते. कोणते पुस्तक सुचवाल? (एक वाचक, खारघर)

उत्तर : उभ्याने, एका हाताने वाचायचे असेल तर पुस्तक वजनाने हलके आणि प्रकरणे आखूड असणे आवश्यक आहे. जाडजूड कादंबऱ्या घरी ठेवाव्यात. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) या प्रवासासाठी अगदी योग्य आहे. औंध संस्थानातल्या, माणदेशातल्या एका धनगरवाडीत शाळामास्तर म्हणून रुजू झालेला कोवळा तरुण, त्याला हळूहळू आपलेसे करणारी माणसे, सगळ्यांनी मिळून बांधलेली तालीम आणि शेवटी दुष्काळाने ओस पडणारी वाडी, एवढेच कथानक आहे. वाक्ये इतकी साधी आणि नेमकी आहेत, की मध्ये स्टेशन येऊन धक्काबुक्की झाली तरी पुन्हा वाचायला घेताना धागा सापडतो. ती संपली की विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ (१९३९) घ्यावी. महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर हा भारतीय तरुण आणि हेर्टा ही ज्यू तरुणी भेटतात. पुस्तक लहान आहे, पण ते घाईने संपवू नये. परतीच्या गाडीत, बसायला मिळाले असेल तेव्हा वाचावे.

आणखी एक पुस्तक केवळ आपण त्या बाजूला राहता म्हणून सुचवतो. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. त्यांनी लिहिलेला ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषा जुनी आहे, त्यामुळे पहिल्या काही पानांना वेळ द्यावा लागेल. पण पोटापाण्यासाठी घर सोडून निघालेल्या एका सामान्य कोकणी भिक्षुकाने आपल्या डोळ्यांनी पाहिलेला तो उत्पात इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. इंग्रजी माध्यमात शिकतो, इंग्रजी कादंबऱ्या भराभर वाचतो, पण मराठी पुस्तक हातात दिले की ‘बोअर आहे’ म्हणतो. त्याला काय द्यावे? (एक पालक, वाशी)

उत्तर : प्रथम ‘मराठी वाचलेच पाहिजे’ हे सांगणे काही काळ थांबवावे. ज्या वाक्यात ‘पाहिजे’ येते, त्यातले पुस्तक या वयाच्या मुलांना गृहपाठासारखे वाटते. मुलाला इंग्रजीत कोणत्या प्रकारचे पुस्तक आवडते ते पाहून त्याच वळणाचे मराठी पुस्तक द्यावे. साहस आणि रहस्य आवडत असेल तर भा. रा. भागवत यांच्या फास्टर फेणेची पुस्तके आहेत. फुरसुंगीचा बनेश फेणे आजच्या मुलांपेक्षा वेगळ्या काळात वावरतो, पण त्याची धावपळ जुनी झालेली नाही. शाळेतले मित्र आणि मनात उमलणाऱ्या गोष्टी यांविषयी काही हवे असेल तर मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) पुढच्या वर्षी, तो नववीत गेल्यावर द्यावी. त्यातली मुलेही नववीतच आहेत आणि काळ आणीबाणीचा आहे.

आमच्या सर्वाधिक जिव्हाळ्याचे पुस्तक मात्र प्रकाश नारायण संत यांचे ‘वनवास’ आहे. आजी-आजोबांकडे राहणारा लंपन ज्या बेळगावकडच्या, कानडीचा स्पर्श असलेल्या मराठीत बोलतो, ती मुलाला एकट्याने वाचताना अडेल. म्हणून रात्री जेवणानंतर एक कथा तुम्ही मोठ्याने वाचावी आणि त्याने ऐकावी. आठवीच्या मुलाला वाचून दाखवणे विचित्र वाटेल, पण कानांवर पडलेली बोली नंतर डोळ्यांना अडत नाही. एक कथा वाचूनही तो रमला नाही तर आग्रह न धरता पुस्तक त्याच्या टेबलावर राहू द्यावे.

प्रश्न : डोळ्यांच्या त्रासामुळे मी आता पुस्तके ऐकते. याला वाचन म्हणावे का? आणि मी इतरांना सुचवावे का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : अवश्य सुचवावे. ज्ञानेश्वरी आपल्या समाजात शतकानुशतके बहुसंख्य लोकांनी ऐकलीच आहे. आपण ऐकलेल्या पुस्तकाला आवाज कोणाचा होता आणि वाचन संथ होते की घाईचे, हे शिफारशीत सांगितले तर ऐकणाऱ्या इतरांना मोठी मदत होईल.

प्रश्न : सुचवलेली जुनी पुस्तके दुकानात मिळत नाहीत. विकत घेणे नेहमी परवडतही नाही. काय करावे? (एक वाचक, कळवा)

उत्तर : कळव्याहून ठाणे एकाच स्टेशनाच्या अंतरावर आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या संस्थापकांपैकी विनायक लक्ष्मण भावे यांनीच पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. सव्वाशे वर्षांहून जुनी अशी संस्था हाकेच्या अंतरावर असताना पुस्तक मिळत नाही म्हणून वाचन थांबवू नये. ग्रंथालयातून घेतलेल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची तारखेच्या शिक्क्यांची चिठ्ठीही पाहत जा. एखाद्या पुस्तकावर अलीकडचा शिक्का दिसला, तर ते पुस्तक कोणीतरी नुकतेच वाचले आहे हे कळते. ग्रंथपालांना ‘हे पुस्तक नेणारे आणखी काय नेतात?’ असे जरूर विचारावे, कारण इतक्या वाचकांच्या आवडीनिवडी रोज पाहणारा माणूस दुसरा सापडणे कठीण.

पुढील अंकासाठी पत्र पाठवताना पुस्तकाचे नाव, ते कोणत्या वाचकाला सुचवाल आणि ते कोठे जड गेले, हे तिन्ही लिहावे. शक्य असल्यास आवडलेल्या पानाचा क्रमांक आणि आवृत्तीही कळवावी.