गुरांचा डॉक्टर आणि मुझफ्फरनगर

प्रश्न : आमची मुलगी शिरवळला पशुवैद्यकीय शिकते. पाहुणे म्हणतात, ढोर डॉक्टर होऊन काय करणार? मी सांगितलं, उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरचे भाजपचे माजी खासदार संजीव बालियान गुरांचेच डॉक्टर होते. पण 2014 ला डोक्यावर घेतलेल्या माणसाला लोकांनी 2024 ला पाडलं कसं?
– एक ऊस उत्पादक, ता. कागल

उत्तर : पाहुण्यांना चहा पाजा आणि विषय सोडून द्या. तुमची माहिती बरोबर आहे. बालियान यांची पीएच.डी. हिसारच्या कृषी विद्यापीठाची, विषय पशु-शरीररचनाशास्त्र. मृत शरीर टिकवणाऱ्या फॉर्मलीनने डोळे चुरचुरत असताना बैलाच्या खांद्यातल्या एकेका स्नायूचं नाव घोकायचं, असा हा विषय. मुलीला विचारा, ती सांगेल. पुढे हरियाणात त्यांनी शिकवलं, पशुवैद्य म्हणून नोकरीही केली.

मतं मात्र पदवीला पडली नाहीत. सप्टेंबर 2013 च्या तिथल्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर सातच महिन्यांत तिथे मतदान झालं. समाज उभा दुभंगलेला, वर मोदी लाट. बसपचे कादिर राणा चार लाखांहून जास्त मतांनी पडले. 2019 ला समोर राष्ट्रीय लोकदलाचे चौधरी अजित सिंह आले, पाठीशी समाजवादी पक्ष (सप) आणि बसप. बालियान 6,526 मतांनी कसेबसे तरले. 2024 ला अजित सिंहांचाच पक्ष भाजपच्या गोटात होता, तरी सपचे हरेंद्र मलिक 24,672 मतांनी निवडून आले. राजपूत समाजाची नाराजी तेव्हा उघड होती. सरधना आहे मेरठ जिल्ह्यात, पण लोकसभेला मुझफ्फरनगरला जोडलेलं. तिथले माजी आमदार संगीत सोम राजपूत, तेही भाजपचेच, आणि त्यांचं बालियान यांच्याशी जाहीर वाजलेलं.

तुम्हाला तो मुलूख परका वाटणार नाही. बुढाना, चरथावल, खतौली, सगळीकडे ऊस, गुऱ्हाळं आणि दारात म्हैस. मुझफ्फरनगरच्या बाजारात गुळाचे चाकू, खुरपा, लड्डू असे प्रकार विकायला येतात. आपल्या ढेपेला सवयलेल्या माणसाला गंमतच वाटावी. अशा ठिकाणी खासदार दिसला की शेतकरी आधी उसाच्या थकलेल्या बिलाचं विचारतो. म्हैस फळली का, हे सांगायला कोण जातं?

माझ्या मते त्यांच्या शिक्षणाचा खरा संबंध आला तो 2019 ते 2024 मध्ये, केंद्रात पशुसंवर्धन राज्यमंत्री असताना. 2022 ची लम्पी, म्हणजे गुरांच्या कातडीच्या रोगाची साथ, याच काळातली. फिरत्या पशुवैद्यकीय पथकांची 1962 या फोन क्रमांकाची सेवाही याच वर्षांत केंद्राच्या पैशातून राज्याराज्यांत वाढली. सगळं श्रेय त्यांना द्यायला मी तयार नाही, राज्यमंत्र्याच्या हातात किती असतं ते आपण जाणतो. पण तो क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा, फोन करताना जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर हाताशी असू द्या, आणि तुमच्या भागात गाडी कुठून येते ते जवळच्या दवाखान्यात आधीच विचारून घ्या.