टेलिकॉमची डिग्री आणि फौजेचं सिग्नल्स: शिष्यवृत्तीचं कुठे नि कसं

भाऊ, तुमचे मोठे बंधू सिग्नल्समधून, म्हणजे फौजेच्या दळणवळण शाखेतून, हवालदार म्हणून निवृत्त झाले, आता दिग्रसकडे कोरडवाहू वावर पाहतात. पुतणीला यंदा इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनला ॲडमिशन मिळाली, पुतण्या अकरावीत आहे आणि त्याला फौजेच्या दळणवळणात जायचंय. दोघांसाठी काय मिळेल, असं तुम्ही विचारलंत.

आधी पोरीचं बघा. तिच्यासाठी पहिलं वर्षच महत्त्वाचं. माजी सैनिकांच्या मुलांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे: मुलींना महिन्याला 3,000, मुलांना 2,500 रुपये. बारावीला 60 टक्के हवेत आणि अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा. दुसऱ्या वर्षी आठवण झाली तर काही उपयोग नाही. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची 'प्रगती' शिष्यवृत्ती मुलींना वर्षाला 50,000 देते. त्यासाठी घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. तीही पहिल्या वर्षाला, किंवा डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना. दोन्ही सोबत घेता येत नाहीत. निवड गुणांवर होते, म्हणून एकाच यादीच्या भरवशावर बसू नका.

आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) किंवा ओबीसी गटात असाल तर 2024-25 पासून मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी राज्य सरकार भरतं. पण प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही. होस्टेलसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तो अल्पभूधारकाच्या मुलांनाही मिळतो. तहसीलमधून दाखला काढा. हे फॉर्म राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचे. 'प्रगती'सोबत यातलं काय चालतं, ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर विचारूनच ठरवा.

आता खरी अडचण येते ती कागदांची. बंधूंच्या डिस्चार्ज बुकात (फौजेतून निवृत्त होताना मिळतं ते पुस्तक) पोरीचं नाव आहे का, आणि आधार नि बारावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच आहे का, ते आजच पाहा. फौजेच्या कागदावर 'कु. प्रिया' आणि आधारवर 'प्रियांका' असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात काम तिथेच अडतं, आणि रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती यायला बराच वेळ जातो. दुसरं, बँक. खात्याला आधार नुसतं जोडलेलं असून भागत नाही, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी, सीडिंग लागतं: तो पैसा याच खात्यात यावा अशी आधारशी नोंद. पैसा सगळ्यात अलीकडे सीड केलेल्या खात्यात जातो. मोबाईल दुकानात सिमसोबत पेमेंट बँकेचं खातं उघडलं असेल तर रक्कम तिकडे पडते आणि पोरगी इकडे बँकेत पासबुक छापत राहते. असं होताना मी गावोगावी पाहिलंय, फार जीव तुटतो.

पुतण्याला सांगा, शिष्यवृत्तीपेक्षा मोठी वाट त्याच्यापुढे आहे. बारावीनंतर फौजेत अधिकारी होण्याच्या टेक्निकल एंट्री स्कीममध्ये बारावीला पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) 60 टक्के, जेईई मेनचा स्कोअर आणि वय साडेसोळा ते साडेएकोणीस लागतं. एसएसबी (फौजेच्या निवड मंडळाची मुलाखत) आणि मेडिकल निघालं की इंजिनिअरिंगचा खर्च सरकारचा. मध्य प्रदेशात महूला मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग आहे, सिग्नल्सचं शिक्षण तिथलं. मात्र सिग्नल्सच मिळेल असं धरून चालू नका. जेईईचा फॉर्म चुकवला तर पुढचं सगळं थांबतं.

इंटरनेटवर आफ्सियासारख्या (AFCEA, लष्करी दळणवळणाशी संबंधित) अमेरिकन संस्थांच्या शिष्यवृत्तींच्या याद्या दिसतील. त्यांचा रोख अमेरिकेत शिकणाऱ्यांकडे असतो आणि बहुतेक ठिकाणी तिथलं नागरिकत्व मागतात. त्यात वेळ घालवू नका.

पोरीचे बारावीचे टक्के, प्रवेशाची फेरी आणि जातीचा गट इथे लिहा. म्हणजे आधी कोणता फॉर्म भरायचा ते सांगतो.