ब्लॉकचेनचा प्रोजेक्ट क्लाउडवर चढवायचा आहे. त्यासाठी दीड लाखाचा कोर्स हवा का?

प्रश्न : मी बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही चौघींनी हायपरलेजर फॅब्रिक या ब्लॉकचेन सॉफ्टवेअरवर गुणपत्रिका पडताळणीचा प्रोजेक्ट केला. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तो चालतो, माझ्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर मध्येच बंद पडतो. सर म्हणतात, क्लाउडवर टाका. एक संस्था 'ब्लॉकचेन डेव्हलपर' कोर्सचे दीड लाख मागते आहे आणि बाबा कर्ज काढायला तयार आहेत. कोर्स करू का? की सर्व्हर आमचा आम्हाला उभा करता येईल?
– एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : बाबांना कर्ज काढू देऊ नकोस. सर्व्हर तुम्हाला उभा करता येईल आणि तो महिनाभर चालता ठेवलात, तर त्या कोर्सच्या प्रमाणपत्रापेक्षा तो जास्त उपयोगी पडेल. फ्रेशरसाठी 'ब्लॉकचेन' नावाने निघणाऱ्या जागा मोजक्याच असतात. पण तुमच्या प्रोजेक्टच्या खाली जे आहे, म्हणजे लिनक्स, डॉकर (प्रोग्राम कंटेनर नावाच्या स्वतंत्र डब्यांत चालवणारं साधन), नेटवर्क, सर्टिफिकेट, लॉग, ते क्लाउड सपोर्ट आणि डेव्हऑप्सच्या (सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवून चालतं ठेवण्याच्या) प्रत्येक जागेला लागतं. ब्लॉकचेन ही त्यावरची जमेची बाजू. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये नॅशनल ब्लॉकचेन फ्रेमवर्क आणलं, त्याची यंत्रणा एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद इथल्या डेटा सेंटरमध्ये आहे. तिथेही रोजचं काम कंटेनर चालते ठेवण्याचंच असणार.

आधी तुझा लॅपटॉप का बंद पडतो ते बघू. फॅब्रिकचं टेस्ट नेटवर्क (सरावासाठीचं तयार नेटवर्क) सीए (सर्टिफिकेट देणारा सर्व्हर) आणि काउचडीबी (डेटाबेस) यांसह सुरू केलं की दोन पीअर (दोन सहभागी संस्थांचे, लेजरची म्हणजे नोंदवहीची प्रत ठेवणारे), एक ऑर्डरर (नोंदींचा क्रम लावणारा), तीन सीए आणि दोन काउचडीबी असे आठ कंटेनर उठतात. चेनकोड (नोंदींचे नियम असलेला तुमचा प्रोग्राम) डिप्लॉय केला की प्रत्येक पीअरमागे एक असे आणखी दोन. चेनकोड नोड.जेएसमध्ये (जावास्क्रिप्टमध्ये) लिहिला असेल तर त्याची इमेज (कंटेनरचा साचा) बांधताना एनपीएम हे पॅकेज आणणारं साधन भरपूर मेमरी खातं आणि ४ जीबीच्या मशीनवर लिनक्स सरळ एखादी प्रोसेस मारून टाकतं. 'डॉकर पीएस' ला '-ए' लावून बघ. एखाद्या कंटेनरसमोर 'एक्झिटेड १३७' दिसलं, तर बहुतेक वेळा कारण मेमरीचंच असतं. कोडमध्ये चूक शोधत बसू नका.

म्हणून मशीन घेताना २ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर), ८ जीबी रॅम आणि ४० जीबी डिस्क घ्या. मोफत मिळणारं १ जीबीचं मशीन या कामाला चालत नाही. डिस्कचा आकडा मुद्दाम बदलावा लागतो, कारण अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) निवडलं की डिस्क आपोआप ८ जीबीचीच येते आणि ती फॅब्रिकच्या इमेजनीच भरत येते. रिजन मुंबई, उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती, प्रोसेसर एक्स८६ (इंटेल-एएमडीचा नेहमीचा). एआरएम या दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरची मशीन स्वस्त दिसतात, पण तुमच्या इमेज जुन्या आवृत्तीच्या असतील तर 'एक्झेक फॉरमॅट एरर' येईल.

डॉकर त्यांच्या अधिकृत रेपॉझिटरीतून टाका, उबुंटूच्या स्नॅप स्टोअरमधून नको. स्नॅपच्या डॉकरला होम फोल्डरबाहेरच्या फाइल धड दिसत नाहीत आणि सर्टिफिकेटचं फोल्डर माउंट करताना गोंधळ होतो. एकही कंटेनर उठवण्याआधी डॉकरच्या डीमन फाइलमध्ये (मुख्य सेटिंगच्या फाइलमध्ये) लॉगची मर्यादा घाला : एक फाइल १० एमबी, जास्तीत जास्त ३ फाइल. मूळ सेटिंगमध्ये मर्यादाच नसते. पीअर आणि काउचडीबी बोलत राहतात आणि डिस्क भरते. ही मर्यादा नव्याने बनवलेल्या कंटेनरनाच लागू होते, चालू असलेल्यांना नाही. म्हणून हे काम आधी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पोर्ट, म्हणजे सर्व्हरची क्रमांक दिलेली दारं. ऑर्डरर ७०५०, पहिला पीअर ७०५१, दुसरा ९०५१, सीए ७०५४, काउचडीबी ५९८४. यातला एकही जगाला दिसता कामा नये. क्लाउडच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये (फायरवॉलच्या नियमांत) दोनच दारं ठेवा : एसएसएचचं (दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याचं) २२, तेही फक्त तुमच्या आयपीपुरतं, आणि वेबसाठी ४४३. मोबाइल डेटावर आयपी सारखा बदलतो, त्यामुळे कधीकधी आत जाता येणार नाही. अशा वेळी कंटाळून २२ सगळ्यांना उघडू नका, नियमातला आयपी बदला. आतमध्ये शिरायला पासवर्ड नको, की-फाइलच वापरा.

इथे एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. उबुंटूच्या यूएफडब्ल्यू फायरवॉलने ५९८४ बंद केलं, तरी डॉकरने प्रसिद्ध केलेलं पोर्ट बाहेरून उघडंच राहतं, कारण डॉकर आयपीटेबल्स या लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये स्वतःचे नियम घालतो आणि येणारी वाहतूक यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही. कंपोझ फाइलमधली (कंटेनरची यादी आणि सेटिंग असलेल्या फाइलमधली) '५९८४:५९८४' ही ओळ '१२७.०.०.१:५९८४:५९८४' अशी करा, म्हणजे काउचडीबी त्या मशीनपुरता राहील. टेस्ट नेटवर्कमध्ये त्याचं नाव 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्ड 'अ‍ॅडमिनपीडब्ल्यू' असतो, हे अख्ख्या जगाला ठाऊक आहे. डॉकरचं स्वतःचं २३७५ पोर्ट तर चुकूनही उघडू नका. ते शोधत फिरणारे बॉट त्यावर क्रिप्टो मायनिंग सुरू करतात आणि बिल तुमच्या कार्डावर येतं.

पीअरला लॅपटॉपवरून थेट जोडायचा मोहही टाळा. सर्व्हरचा आयपी घालून ७०५१ ला हाक मारलीत तर टीएलएस (सर्टिफिकेट तपासून जोडणी सुरक्षित करणारी पद्धत) नकार देईल, कारण सर्टिफिकेट लोकलहोस्ट आणि पीअरच्या नावावर आहे, त्या आयपीवर नाही. मग मुलं टीएलएसच बंद करून टाकतात. त्यापेक्षा तुमचं वेब अ‍ॅपही त्याच सर्व्हरवर, त्याच डॉकर नेटवर्कमध्ये कंटेनर म्हणून चालवा आणि पुढे कॅडी किंवा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवा. बाहेरच्याला फक्त वेबसाइट दिसेल.

सबमिशनच्या आदल्या रात्री हमखास होणारी फजिती म्हणजे कुणीतरी 'नेटवर्क डाउन' ची स्क्रिप्ट चालवतं. ही स्क्रिप्ट कंटेनर थांबवून गप्प बसत नाही. ती व्हॉल्यूम (कंटेनरचा साठवलेला डेटा) आणि सर्टिफिकेटही पुसते. म्हणजे लेजर गेला, त्यातल्या गुणपत्रिकाही गेल्या. रोज बंद करायचं असेल तर 'डॉकर स्टॉप', पुन्हा सुरू करायला 'डॉकर स्टार्ट'. सर्व्हर रीबूट झाल्यावर कंटेनर आपोआप उठायला हवे असतील तर कंपोझमध्ये रीस्टार्टची ओळ घालावी लागते. जुना लेजर तसाच ठेवून सर्टिफिकेट नवी बनवलीत, तरीही पीअर तुम्हाला ओळखणार नाही.

खर्चाचं सांगते. मशीन थांबवलं तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं. सार्वजनिक आयपीसाठी अ‍ॅमेझॉन फेब्रुवारी २०२४ पासून तासाला ०.००५ डॉलर घेतं, म्हणजे तीस दिवसांचे ३.६ डॉलर. पहिल्याच दिवशी बिलाचा अलर्ट लावा, पण तो फक्त ईमेल पाठवतो, मशीन बंद करत नाही. काम संपलं की बंद करणं तुमच्याच हातात.

एवढं झालं की मुलाखतीत बोलण्यासारखं काम सुरू होतं. एका संस्थेचा पीअर मुद्दाम थांबवा आणि नवी गुणपत्रिका नोंदवून बघा. जुन्या नोंदी दिसतील, नवी होणार नाही. टेस्ट नेटवर्कची मूळ एंडोर्समेंट पॉलिसी (नोंदीला किती संस्थांची मान्यता लागते तो नियम) 'मेजॉरिटी' असते आणि दोनातलं बहुमत म्हणजे दोन्ही. विद्यापीठाचा सर्व्हर बंद असेल तर कॉलेजने काय करायचं, हा प्रश्न तिथे आपोआप उभा राहतो. तिसरी संस्था जोडली की एक पडली तरी दोघींत काम चालतं. ऑर्डररचं गणितही असंच. राफ्टमध्ये (ऑर्डरर बहुमताने क्रम ठरवतात त्या पद्धतीत) तीन ऑर्डरर असतील तर एक पडलेला चालतो, पाच असतील तर दोन. मात्र तिन्ही एकाच मशीनवर ठेवले तर मशीनबरोबर तिन्ही जातात. मुळात सगळ्या संस्था एकाच सर्व्हरवर असतील आणि रूटचा पासवर्ड एकीकडेच असेल, तर साधा डेटाबेस काय वाईट होता, असं मुलाखत घेणारा विचारणारच.

त्याचं उत्तर देता यावं म्हणून दुसरी संस्था मैत्रिणीच्या खात्यावरच्या वेगळ्या सर्व्हरवर न्या. कंटेनरची नावं आता आपोआप सापडणार नाहीत, ती कंपोझमध्ये 'एक्स्ट्रा होस्ट्स' खाली आयपीसह लिहावी लागतील. पीअर आणि ऑर्डररची पोर्ट उघडावी लागतील, पण फक्त समोरच्या सर्व्हरच्या आयपीला. त्यासाठी दोन्हीकडे स्थिर आयपी हवा, नाहीतर मशीन बंद-चालू केल्यावर पत्ता बदलतो. यात दोन आठवडे सहज जातील. चौघींनी वाटून करा, आणि काय बिघडलं, कसं सापडलं, हे रोज लिहून ठेवा. ती नोंदच तुमच्या रेपॉझिटरीची रीडमी (माहितीची फाइल) होईल. रेपॉझिटरी सार्वजनिक करण्यापूर्वी 'ऑर्गनायझेशन्स' फोल्डर गिटइग्नोरमध्ये (वगळायच्या फाइलच्या यादीत) गेलंय ना, ते बघा. त्यात खासगी की असतात.

आणि हो, कुणी इथेरियम या सार्वजनिक ब्लॉकचेनचा पूर्ण नोड (सगळ्या नोंदींची प्रत ठेवणारा संगणक) टाका म्हणालं तर नको. त्याला २ टीबी एसएसडी लागते आणि विद्यार्थ्याच्या खिशाला ते परवडत नाही. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (तिथले चेनकोडसारखे प्रोग्राम) शिकायला सेपोलियासारखं टेस्टनेट (इथेरियमचं सरावाचं नेटवर्क) पुरेसं आहे.

पदवीनंतर एमसीएची सीईटी दे. पायाभूत यंत्रणेत रस वाटलाच, तर त्यापुढे सी-डॅक या सरकारी संस्थेचा आयटी इन्फ्रास्ट्रक्चर, सिस्टिम्स आणि सिक्युरिटीचा पदविका अभ्यासक्रम बघ. प्रवेश सी-कॅट या त्यांच्या प्रवेश परीक्षेतून होतो, पात्रता माहितीपत्रकात नीट वाच. प्रमाणपत्रच हवं असेल तर कुबरनेटिस (अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणारी प्रणाली) अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची सीकेए परीक्षा चांगली. दोन तास चालू क्लस्टरवर काम करून दाखवावं लागतं, पाठांतराचा उपयोग नाही.

एवढं करूनही त्या कोर्सवाल्या संस्थेत जावंसं वाटलं, तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी माग : प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र सर्व्हर किती तास मिळतो, गेल्या बॅचच्या मुलांना नेमक्या कोणत्या पदावर नोकरी लागली, आणि कोर्स मध्येच सोडला तर किती फी परत मिळते. लेखी द्यायला टाळाटाळ झाली, तर बाबांना तिथूनच परत घेऊन ये.