उदगीरमध्ये घरच्या वापरासाठी वायरलेस लेझर प्रिंटर कोणता घ्यावा आणि जोडायचा कसा?

तुमची गरज मी अशी धरतो: मुलगी बारावी आणि नीट एकदमच करतेय, टेस्टच्या पीडीएफ फोनवर येतात, महिन्याकाठी दोन-अडीचशे पानं निघतात, घरच्या इंकजेटची शाई सारखी वाळते आणि मेव्हणे त्यांचा जुना एचपी एम१००५ लेझर प्रिंटर द्यायला तयार आहेत. मी परभणीत प्रिंटर दुरुस्तीचंच काम करतो, त्यामुळे दुकानात जे ऐकायला मिळत नाही तेवढं सांगतो.

लेझरच घ्या, आणि काळा-पांढराच घ्या. त्यात शाई नसते, कोरडी पावडर असते. महिनाभर बंद ठेवला तरी पहिलं पान स्वच्छ येतं. इंकजेटचं हेड आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात थोडे दिवस नुसतं राहिलं की चोंदतं. बायोलॉजीच्या आकृत्यांसाठी रंगीत लेझरचा मोह होईल, पण त्याला चार टोनर, म्हणजे पावडरचे चार डबे, लागतात. तेवढी चार-दोन पानं झेरॉक्सवाल्याकडून आणा.

आता लाईटचं. वायरलेस म्हटलं की लोक राउटरपासूनचं अंतर बघतात. आपल्याकडे आधी प्लग बघावा लागतो. पावडर कागदावर नुसती बसलेली असते, तिला वितळवून चिकटवतो तो फ्यूझर, आणि तो २०० अंशांच्या आसपास तापतो. प्रिंट सोडली की ते तापवायला सुरुवातीचे काही क्षण प्रिंटर हजार वॅटच्या घरात ओढतो. घरोघरी जे ८००-९०० व्हीएचे इन्व्हर्टर असतात ते जेमतेम ७०० वॅट देतात. मग लाईट गेलेली, पोरीला पेपर हवा, कुणीतरी प्रिंट सोडतं आणि पंख्यासकट सगळं घर बंद पडतं! कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसची तर याहून वाईट गत होते. म्हणून प्रिंटर कायम इन्व्हर्टरच्या लाईनबाहेरच्या, अर्थिंग नीट असलेल्या प्लगवर लावा. वायरलेसचा खरा उपयोग मला तिथंच दिसतो: राउटर इन्व्हर्टरवर एका खोलीत, प्रिंटर साध्या लाईनवर दुसऱ्या खोलीत. छापता छापता लाईट गेली तर आधी बटण बंद करा, फ्यूझर निवू द्या आणि मगच अडकलेला कागद दोन्ही हातांनी सावकाश ओढा.

मॉडेल निवडताना नावाच्या शेवटची अक्षरं वाचा. डब्ल्यू म्हणजे वायरलेस, डी म्हणजे आपोआप पाठपोट छापणारा, एन म्हणजे नेटवर्कच्या केबलची सोय. तुमच्या पानांच्या हिशेबाने पाठपोट हवंच. कागद निम्मा लागतो. स्कॅनरवाला ऑल-इन-वन थोडा महाग पडतो, तरी घ्या. प्रवेशाच्या मोसमात आधार, टीसी, जातीचा दाखला यांच्या प्रती काढून माणूस वैतागतो, आणि आयडी कॉपीचं बटण असेल तर कार्डाच्या दोन्ही बाजू एकाच पानावर येतात.

खरा खर्च टोनरचा. ब्रदरच्या बऱ्याच छोट्या मॉडेलमध्ये टोनर आणि ड्रम (ज्यावर आधी पानाचं चित्र उमटतं तो रूळ) वेगळे असतात. उदाहरणार्थ टीएन-२३६५ टोनर २,६०० पानांचं, तर डीआर-२३६५ ड्रम १२,००० पानांचा. एचपीच्या १२ए टोनरमध्ये दोन्ही एकत्र, २,००० पानं. हे आकडे पानाचा पाच टक्के भाग काळा होतो असं धरून काढलेले असतात. आकृत्यांनी भरलेल्या प्रश्नपत्रिकांना ते पुरणार नाहीत. नव्या प्रिंटरसोबत येणारं टोनर बऱ्याचदा अर्धंमुर्धंच भरलेलं असतं. घ्यायच्या आधी तुमच्या रिफिलवाल्याला मॉडेलचा नंबर दाखवा. "सर, ह्याला चिप हाय, जमत न्हाई," असं तो म्हणाला तर दुसरं मॉडेल बघा. रिफिल केल्यावर पानावर ठरावीक अंतराने तोच ठिपका येत राहिला तर ड्रमला ओरखडा आहे, पावडर बदलून तो जाणार नाही.

मेव्हण्यांच्या एम१००५ बद्दल: यंत्र दणकट आहे, १२ए टोनर तालुक्याच्या गावीही मिळतं, पण तो फक्त यूएसबीवर चालतो आणि पाठपोटासाठी कागद हाताने उलटावा लागतो. घरात कायम चालू राहणारा कॉम्प्युटर असेल तर घ्या. सगळं फोनवरच असेल तर नको.

जोडणीत बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. वायफायच्या दोन लहरी असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. घरगुती लेझर प्रिंटर बहुधा २.४ वरच बोलतात, आणि फायबरचा राउटर बहुधा दोन्ही एकाच नावाने दाखवतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या, फोन २.४ वर घ्या आणि मग कंपनीच्या ॲपमधून प्रिंटर जोडा. जुन्या दगडी भिंतींतूनही २.४ च बरं पोचतं. डब्ल्यूपीएसचं (पासवर्ड न टाकता जोडायचं) बटण दाबून जोडत असाल तर राउटरची सुरक्षा डब्ल्यूपीए२ वर ठेवा, डब्ल्यूपीए३ वर ते चालत नाही. गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर, प्रिंटर टाकू नका. तिथली उपकरणं सहसा एकमेकांना दिसत नाहीत.

दुसरी कटकट म्हणजे आठ दिवसांनी लॅपटॉपवर दिसणारं 'ऑफलाइन'. राउटर बंद होऊन चालू झाला की प्रिंटरला नवा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा नंबर) मिळू शकतो आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर प्रिंट पाठवत बसतो. प्रिंटरमधून नेटवर्कचा रिपोर्ट छापा, त्यावर बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता असतो. राउटरमध्ये तोच पत्ता प्रिंटरसाठी राखून ठेवा आणि विंडोजमध्ये प्रिंटर त्याच टीसीपी/आयपी पत्त्याने जोडा. फोनला फारसं काही लागत नाही. फोनवरून थेट छापायची सोय म्हणून आयफोनसाठी एअरप्रिंट आणि अँड्रॉइडसाठी मोप्रिया, दोन्ही खोक्यावर लिहिलेलं आहे ना एवढं बघून घ्या.

कागद ७५ जीएसएमचा पुरे. पावसाळ्यात रीम उघडी ठेवू नका, दमट कागद फ्यूझरमधून वळून येतो आणि अडकतो. आणि इंकजेटसाठी मिळणारे आधार कार्डाचे प्लॅस्टिक शीट किंवा चकचकीत फोटो पेपर घरात उरले असतील तर ते या प्रिंटरजवळ ठेवूच नका. चुकून एक जरी आत गेलं तरी ते फ्यूझरवर वितळून चिकटतं, आणि फ्यूझर बदलायचा खर्च ऐकून तुम्ही नवाच प्रिंटर बघायला लागाल.